देवीला विचारलेला चुकीचा प्रश्न: डिचोली, पेडणे, पणजी आणि नार्व्याची फेरी

या ब्लॉगवर मी सहसा देवस्थानांच्या सहली लिहिते. कुठली बस पकडावी, जेवण कुठे बरं मिळतं, ओटीचं सामान देवळाच्या दारात घेऊ नये, असलं सगळं. ही सहलही तशीच ठरली होती. पण परत आल्यापासून मी रागात आहे. शांतपणे लिहायला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा अर्ध्या पानावर उठले. तेव्हा रागासकटच लिहिते. बसची माहिती मध्ये मध्ये येईल, ती वेचून घ्या.

आमची अक्षता दिल्लीला पीएचडी करते. विषय अणूच्या आतल्या केंद्रकाचा. मी दहावी पास, मला त्यात काय कळणार म्हणून मीही कधी खोलात विचारलं नव्हतं. पणजीला त्यांच्या लोकांची परिषद होती, तिथे तिला बोलायचं होतं, म्हणून ती घरी आली होती. पुढच्याच आठवड्यात दिल्लीच्या मोठ्या यंत्रावर तिचा शेवटचा प्रयोग होता. त्या यंत्राची पाळी मिळायला फार दिवस थांबावं लागतं आणि चुकली की पुन्हा रांगेच्या शेवटी. त्याला ती 'बीम' म्हणते.

त्याच वेळी पेडण्याहून फोन आला. तिथल्या साईशशी तिचं जमवायचं चाललं होतं. मुलगा मोपाच्या विमानतळावर नोकरीला, दोघं एकमेकांना पसंत, फक्त बोलणी पक्की व्हायची होती. साईशची आई म्हणाली, "वैनी, देवीकडे प्रसाद लावलेलो. कौल मेळ्ळा. तुमी चेडवाक घेवन येयात, बोलया."

मी हरखले. आमच्या यांचा गुडघा सध्या जिने चढू देत नाही, त्यामुळे ते म्हणाले, "तूच जा दोन्हीकडे." मी बेत आखला. पहिल्या दिवशी पेडणे, मुक्काम तिथेच जवळ माझ्या भावाकडे, दुसऱ्या दिवशी पणजी, आणि येताना दिवाडी बेटावरून नार्व्याला उतरून सप्तकोटेश्वराचं दर्शन घेऊन घरी. दोन दिवसांत सगळं, लॉजचा खर्च नाही.

सकाळी आमच्या डिचोलीच्या स्टँडवरून खासगी बसने म्हापसा. अस्नोड्याच्या पुढे बस इतकी भरली की माझी पिशवी कुणाच्या मांडीवर आहे ते मला दिसत नव्हतं. कंडक्टर दारातून ओरडत होता, "फुडें वचात, फुडें! आनीक धा जाण मावतात!"

मागून एक मासे विकणारी बाई म्हणाली, "मावतले रे बाबा! पूण पांय घरा दवरून येवंक जाय आशिल्ले, तें काल सांगूंक जाय न्हय?"

पाय घरी ठेवून यायचं ते कालच सांगायला हवं होतं, म्हणे. सगळी बस हसली. मी पण हसले. त्या दिवसातलं माझं तेवढंच हसू.

म्हापशाला बस बदलायची असते, तर तिथेच खाऊन घ्या. बाजाराच्या बाजूला पातळ भाजी आणि उंडे, म्हणजे गोल पाव, चांगले मिळतात. दोघींनी एकच प्लेट आणि जास्तीचे दोन उंडे घेतले, पोट भरलं. तिथून पेडण्याची सरकारी बस मिळाली तर तीच पकडा, खासगी बस भरेपर्यंत हलत नाही.

साईशचं घर पेडणे शहरापासून थोडं आत आहे. अंगणात आंबा, पुढे पोफळी, दृष्ट लागावी असं. साईश ड्युटीवर होता. घरी त्याची आई आणि त्याचा मामा, बाबलीमामा. वडील नाहीत, त्यामुळे घरातला शब्द मामांचा. चहा झाला, चण्याच्या डाळीचं गोड झालं. मग मामांनी घसा साफ केला.

"देवीन उजवो कौल दिला. लग्न जांव. पूण चेडवान तें काम सोडूंक जाय."

"कसलं काम?" मी विचारलं.

"तेंच. तिचें तें अणूचें."

मी अक्षताकडे पाहिलं. ती पेल्यातल्या चहाकडे बघत होती.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे देवीच्या मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपल्या वतीने प्रश्न मोठ्याने देवीपुढे मांडतो. मग सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, घर, विहीर, काहीही मोठं असो, कौल घेतल्याशिवाय आम्ही पाऊल उचलत नाही. मी तर मुळीच नाही. त्यामुळे मामांचं बोलणं ऐकून मी अडकले. माणसाने सांगितलं असतं तर मी तिथेच भांडले असते. देवीशी कशी भांडू?

"आई, निघूया," अक्षता हळूच म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. "आधी ओटी भरते."

देऊळ जवळच आहे. मामा आणि साईशची आईही आमच्याबरोबर आले. ओटी भरली, नमस्कार केला, आणि मी गुरवाला विचारलं, "भाऊ, गाऱ्हाणं काय घातलं होतंत? शब्द आठवतात?"

बिचाऱ्याला काय माहीत. त्याने सरळ हात जोडून जसं घातलं होतं तसं म्हणून दाखवलं. "बा महाराजा, ह्या घरात येवपी सून बॉम्बाचें काम करता, विखारी किरणांत वावरता. तिच्या कुशीक, घराक बाधा येवची न्हय. तें काम तिणें सोडचें काय?"

मी ते ऐकलं आणि माझं डोकं फुटायचं बाकी राहिलं.

"बॉम्ब?" मी मामांकडे वळले. "माझी मुलगी बॉम्ब करते असं तुम्ही देवीला सांगितलंत?"

"अणू म्हळ्यार आनीक कितें?"

"असा प्रश्न घातल्यावर कुठली आई 'नको सोडू' म्हणेल हो? देवीने बरोबर उत्तर दिलं. पण ज्या मुलीबद्दल तुम्ही विचारलंत ती मुलगी आमच्या घरात नाहीच!"

देवळात आवाज चढवू नये हे मला कळतं. तरी चढला. गुरव दोन पावलं मागे सरकला. साईशची आई म्हणाली, "वैनी, लोक पळयतात."

"बघतात तर बघू दे! देवीपुढे खोटं बोलायला लाज वाटली नाही, आणि लोकांपुढे खरं बोलायला वाटते?"

मामा पण गप्प बसणारे नव्हते. "बॉम्ब न्हय जाल्यार कितें तें? तुमीच सांगात. तुमचें चेडूं न्हय तें?"

आणि मला सांगता आलं नाही. अणूच्या आतलं काहीतरी मोजते, एवढंच मला येत होतं. मामा मिशीतल्या मिशीत हसले. त्या हसण्याचा राग आज लिहितानाही माझ्या हातात आहे.

मी म्हटलं, "आधी ती काय करते ते शिकून घ्या. मग इथे उभे राहा आणि गाऱ्हाणं सुधारून घाला. तोपर्यंत ह्या कौलाला मी बांधील नाही. सोयरीक राहते की जाते, ते तुमचं तुम्ही बघा."

भावाच्या घरी जाताना बसमध्ये अक्षताला साईशचा फोन आला. मी कान देऊनच बसले होते. तिचा आवाज एकसारखा होता. "थोडं ऐक म्हणजे काय, साईश?... आणि 'मग बघू' म्हणजे केव्हा? बीम पुढच्या आठवड्यात आहे. नाही गेले तर थिसिसचा शेवटचा भाग जातो... नाही, तू मामांशी बोल. माझ्याशी काय बोलतोस?" फोन ठेवून ती खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणजे उघडच होतं. दिल्लीला गेली तर लग्न मोडणार, राहिली तर इतक्या वर्षांचं काम मोडणार.

मी तणतणत होते. ती म्हणाली, "आई, तुझा राग उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचं तर आमच्या यंत्राचा काही उपयोग नाही. आमचं यंत्र फक्त झटकन उतरणाऱ्यांसाठी आहे."

"गप्प बस," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पेडण्याहून थेट पणजीची बस मिळाली. सकाळी लवकर निघा, पर्वरीच्या पुढे गाड्यांची रांग लागते. परिषद एका मोठ्या सभागृहात होती. माझं नाव यादीत नव्हतं, पण अक्षताने दारावरच्या मुलीला "माझी आई आहे" म्हणून सांगितलं आणि मला मागच्या रांगेत बसवलं. आतला थंडावा इतका की मी पदर डोक्यावरून घेतला.

बोलणं सगळं इंग्रजीत. अक्षताच्या आधी तीन मुलं बोलली, सगळ्यांना प्रश्न आले, आकड्यांचे, आलेखांचे. मग अक्षता बोलली. मला फक्त चित्रं कळत होती. एकात शिडीसारख्या आडव्या रेषा होत्या, एकात दोन पातळ पत्रे समोरासमोर. शेवटी एक पांढऱ्या केसांचे सर उठले आणि पहिलाच प्रश्न, "डिड यू डू द ॲनालिसिस युवरसेल्फ?"

एवढं इंग्रजी मला येतं. आधीच्या तिघांना हे कुणी विचारलं नव्हतं. पेडण्याला मामा, इथे हे. अक्षता मात्र "येस सर" म्हणाली आणि पुढचं चित्र लावलं. मग बराच वेळ दोघं त्या शिडीवर बोलत होते. सर शेवटी पुढे जाऊन पडद्याजवळ उभे राहून बघायला लागले. काय ठरलं ते मला कळलं नाही, पण ते परत जागेवर बसले तेव्हा काहीतरी लिहून घेत होते.

जेवण तिथे फक्त नावनोंदणी केलेल्यांना होतं. मी घरच्या चपात्या आणि तवशाची, म्हणजे काकडीची, कोशिंबीर आणली होती. बाहेर झाडाखाली बसून मी विचारलं, "तो म्हातारा का चिडला होता?"

"चिडले नव्हते. जुनं माप त्यांचंच आहे. माझं वेगळं आलं."

"मग चुकलं कोण?"

तिने शिडी बोटाने चपातीच्या डब्यावर काढली. केंद्रकाला धक्का दिला की ते शिडीच्या वरच्या पायरीवर चढतं, मग पायरी पायरीने खाली येतं. प्रत्येक पायरीवर किती वेळ थांबतं ते मोजायचं. सरांनी मधल्या पायरीचा वेळ मोजला, तो जास्त आला. पण खरं तर केंद्रक वरच्या पायरीवर रेंगाळत होतं, मधलीवर पोचायलाच उशीर होत होता.

"म्हणजे वरच्याचा खर्च खालच्याच्या नावावर टाकला," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघून मोठ्याने हसली. "आई, हे मी पुढच्या वेळी असंच सांगणार."

"आणि त्या वेळेवरून करायचं काय?"

"आकार कळतो. लाडवासारखं गोल आहे की तवशासारखं लांबट. लांबट असेल तर आतले सगळे कण मिळून फिरतात आणि ते पायरीवर फार थांबत नाही, पटकन उतरतं. सर जितकं समजत होते, माझ्या मापाने त्यापेक्षा लांबट निघालं."

एवढंच? त्या मामाने ह्याला बॉम्ब म्हटलं? माझा राग पुन्हा वर आला. तवशाची कोशिंबीर मी तशीच टाकली.

परतीसाठी ही वाट घ्याच. पणजीहून जुन्या गोव्याची बस, धक्क्यापर्यंत चालत, तिथून दिवाडीची फेरीबोट. पायी माणसाला पैसे लागत नाहीत. बोटीवर दोन स्कूटर, एक माशांची टोपली आणि शाळेच्या एक शिक्षिका होत्या. बोट सुटली आणि शिक्षिका लगेच फोनवर बोलायला लागल्या, "हां, चल्ल्यां आतां, धा मिनटांनी पावतां."

अक्षता म्हणाली, "आई, आता नीट बघ. माझा प्रयोग हाच आहे."

"बोट?"

"समज, बोटीवर प्रत्येकाने घरी एकच फोन करायचा. कोण मध्येच करतो, कोण पलीकडे उतरल्यावर. ॲम्ब्युलन्स जवळ येताना तिचा आवाज बारीक लागतो ना? तसंच चालत्या बोटीतून केलेला फोन ऐकणाऱ्याला वेगळा लागतो आणि थांबल्यावर केलेला वेगळा. आता दोन्ही प्रकारचे फोन मोजले तर लोक साधारण किती वेळाने फोन काढतात ते कळेल की नाही?"

मी विचार केला. "एका नदीवरून कसं कळणार? नदी रुंद असली की सगळे मध्येच करतील."

"म्हणून तर नदीची रुंदी बदलत जायची. आमच्याकडे दोन पत्रे असतात. पहिल्यातून केंद्रक उडतं, दुसऱ्यात जाऊन थांबतं. मधलं अंतर कमी-जास्त करायचं. कधी कधी केसाच्या जाडीपेक्षाही कमी. सेकंदाचे लाख कोटी भाग केले तर त्यातल्या थोड्याशा भागांचा तो खेळ असतो."

"पत्रा कसला?"

"थांबवणारा बरेचदा सोन्याचा."

"सोन्याचा!" मी इतक्या जोरात म्हटलं की माशांच्या टोपलीवाल्याने मान वर केली. "आणि त्यात बाधा कसली? ते किरण?"

"प्रयोग चालू असताना आम्ही त्या खोलीत नसतोच. भिंतीआड असतो, गळ्यात मोजणी करणारा बिल्ला असतो. बॉम्बशी ह्याचं काही देणंघेणं नाही."

"हे तू मामाला का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलंच नाही, आई. तूसुद्धा त्या गुरवाला विचारलंस, मला नाही."

बोट धक्क्याला लागली, मी पिशवी उचलली. दिवाडीला उतरून दुसऱ्या टोकाला जायला बस मिळेल असं धरून चालू नका. आम्हाला रिक्षा करावी लागली आणि रिक्षावाल्याने जे सांगितलं ते ऐकून मी चालत निघाले होते, मग त्यानेच मागे येऊन कमी केलं. नार्व्याच्या फेरीवर पाणी मला अरुंद वाटलं. बोट सुटल्यापासून मी लोकांचे फोन मोजत होते. एकानेही केला नाही. अक्षता म्हणाली, "बघ, अंतर कमी झालं."

नार्व्याला सप्तकोटेश्वराचं दर्शन निवांत झालं. गर्दी नव्हती. नदीकाठच्या शेतात भाजी काढत होते, लाल भाजीच्या दोन जुड्या घेतल्या, बाजारापेक्षा ताज्या. देवापुढे मी काही मागितलं नाही, काही विचारलंही नाही. डिचोलीची बस अर्ध्या तासाने आली.

घरी आलो तर यांनी दारातच विचारलं, "मोडलं काय?"

"त्यांना विचारा," मी म्हटलं आणि भाजी धुवायला गेले.

दोन दिवस काही नाही. अक्षताची बॅग भरून झाली. सोलं, कुळथाचं पीठ आणि एक नारळ मी कोपऱ्यात बसवला. साईशचे फोन येत होते, ती बाहेर अंगणात जाऊन बोलायची, मी विचारत नव्हते. तिसऱ्या दिवशी, ती निघण्याच्या आदल्या सकाळी, माझ्या फोनवर साईशची आई.

"वैनी, रागार आसात?"

"हो."

ती म्हणाली, "साईश मामावांगडा खूब झगडलो. आतां बाबलीदादा म्हणटा, गाऱ्हाणें परत घालया. पूण..." मागून मामांचा आवाज येत होता, 'विचार, विचार' म्हणून. "पूण देवीक सांगचें कितें? दादा म्हणटा, ह्या खेपे चूक जावंक फावना. बॉम्ब न्हय तें कळ्ळें. मग तें चेडूं करता तें कितें म्हूण सांगूं? तुमी सांगात, हांव कागदार बरोवन घेतां."

मला आता सगळं येत होतं. शिडी, लाडू, तवसं, नदी, सोन्याचा पत्रा. दोन दिवस मी ते मनातल्या मनात मामांना ऐकवत होते, एकेक शब्द घासून ठेवला होता. तोंडापर्यंत आलंही.

समोर अक्षता बॅगेच्या चेनशी झटत बसली होती.

"मला नका विचारू," मी म्हटलं. "जी करते ती इथे आहे. तिला विचारा. आणि उद्या ती दिल्लीला जाते आहे, ते गाऱ्हाण्यात घाला अगर नका घालू, जाणार म्हणजे जाणार."

फोन मी अक्षताच्या हातात दिला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कानाला लावला. पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं असावं.

"नाही मावशी, वेळ आहे मला," ती म्हणाली. "फोन स्पीकरवर ठेवा, मामांनाही ऐकू दे."

मग ती पाय पोटाशी घेऊन जमिनीवर बसली आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला लागली. मध्येच मामांनी काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "बरोबर विचारलंत. त्याचं उत्तर जरा लांब आहे."

लग्न होईल की नाही, मला हे लिहिताना ठाऊक नाही. अक्षता दिल्लीत आहे आणि तिची पाळी चालू आहे. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, मामांवरचाही आणि त्या पांढऱ्या केसांच्या सरांवरचाही. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी भात उतरवायला विसरले, कारण बाहेर माझी मुलगी पेडण्याच्या दोन माणसांना तासभर तिचं काम समजावत होती आणि ती माणसं ऐकत होती.